भिंगरीताईचं मशीन

गल्लीत तिला सगळे भिंगरीताई म्हणत, कारण बसली म्हणजे उठलीच. शर्टाची कॉलर शिवता शिवता चारदा दारात जाऊन येई, आणि तरी कॉलर नीट बसे. जिन्याखालच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. त्याच्या कमाईवर तिच्या दोन पोरी शिकल्या, आजारी नणंदेचं औषधपाणीही त्याच्यावरच चाले.

गल्ली पाडून नवी इमारत करायचं ठरलं, तेव्हा बिल्डरला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. नकाशा काढण्याआधीच त्याने आर्किटेक्ट बाईंना लोकांना विचारायला पाठवलं. पहिल्याच बैठकीचा मासळीबाजार झाला. ज्याला त्याला आपलंच पडलेलं. शेवटी भिंगरीताई टेबलावर थाप मारून उभी राहिली. आपल्याच पोळीवर तूप ओढायचं नाही, प्रत्येकाने शेजाऱ्याची अडचण सांगायची, असं तिने ठणकावलं.

आणि नियम चालला की! सलूनवाल्याने अधू आजोबांसाठी पायऱ्यांऐवजी उतार मागितला, आजोबांनी सलूनसाठी रस्त्याकडचा गाळा. जे लाजेकाजेस्तव कधी तोंड उघडत नाहीत, त्यांचंही कागदावर आलं. भिंगरीताई आर्किटेक्ट बाईंना घरोघर नेई आणि घसा बसेपर्यंत बोले. घरी शिवणाचा ढीग साचला म्हणून नणंद कुरकुरायची, ते वेगळंच.

शेवटच्या बैठकीत नकाशा टेबलावर पसरला. अजून पेन्सिलीचा होता. उद्या तो मंजुरीला जाणार, मग एक रेघ हलायची नाही. सलून होतं, उतार होता, कपडे वाळवायला गच्चीही होती. जिन्याखाली मात्र पाण्याचा पंप होता. भिंगरीताईने सगळ्या तळमजल्यावरून बोट फिरवलं. मशीनची खोली कुठेच नव्हती. राहायला वर पाचवा मजला मिळाला होता, पण बटण लावून घ्यायला तिथवर कोण येणार?

 नियम तिचाच, मग आता स्वतःचं कोणत्या तोंडाने मागायचं? कोणीतरी बोलेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. सगळ्यांना पाणी दिलं, सरळ खुर्च्या पुन्हा सरळ केल्या, खिडकी लावली, उघडली. सलूनवाला फरशीच्या रंगावर बोलत होता. काही राहिलं का, असं आर्किटेक्ट बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बाई कागद गुंडाळू लागल्या.

भिंगरीताईने कागदावर हात ठेवला. "माझं मशीन राहिलं."

 मग सलूनवाला खाली बघत म्हणाला, "तुम्ही रोज यांच्याबरोबर फिरता. आम्हाला वाटलं, तुमचं केव्हाच झालं असेल."

खोली गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तेच इतके महिने, तिने आपलं आधीच साधून घेतलं, असं मनात धरून बसले होते.

"असं वाटत होतं, तर एकदा विचारायचं होतं," ती म्हणाली.

आर्किटेक्ट बाईंनी कागद पुन्हा पसरला आणि खोली कुठे हवी ते विचारलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर भिंगरीताई तासभर भांडली असती.

"खाली. उजेड येईल अशी," एवढंच तिला जमलं, आणि भरसभेत ती रडू लागली. पण रेघ उमटेपर्यंत तिने कागदावरचा हात काढला नाही.