नाव नको

आमच्या बस डेपोच्या फोरमनना वर्कशॉपमध्ये आवाज चढवताना कुणी पाहिलेलं नाही, असं मी त्यांच्या बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी त्याच वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या वायरिंगचं काम करते आणि राहते फोरमनच्या बरोबर वरच्या मजल्यावर. त्यामुळे दिवसा त्यांचा एक आवाज आणि संध्याकाळी दुसरा, असे दोन्ही माझ्या कानांवर पडतात. एकाच गळ्यातून ते निघतात यावर माझा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता.

वर्कशॉपमध्ये त्यांनी एक पद्धत पाडली होती. दाराशी खुंटीला लाल फडकी टांगलेली असायची. काम करून झाल्यावर ज्याला आपल्याच कामाची शंका येईल, त्याने एक फडकं घ्यायचं आणि त्या बसच्या आरशाला बांधून निघून जायचं. फडकं बांधलेली बस फाटकाबाहेर जात नसे, मग ड्रायव्हर कितीही आदळआपट करो. फोरमन स्वतः गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून ती खालून वरून तपासायचे. फडकं कोणी बांधलं हे विचारायचं नाही, ओळखायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. एकदा ब्रेकच्या जोडातली पिनच घालायची राहिलेली सापडली. फोरमननी ती घातली, हात पुसत वर आले आणि म्हणाले, "जाऊ द्या गाडी." बास. चहाच्या वेळी एका जुन्या फिटरला राहवेना. तो खाली मान घालून म्हणाला, "ती पिन माझ्याकडून राहिली होती." फोरमन म्हणाले, "मी विचारलं होतं का? चहा घे."

आधीच्या फोरमनच्या काळात असं नव्हतं. तो चूक सापडली की माणसाला सगळ्यांसमोर उभा सोलायचा, म्हणून चुका सापडतच नसत. सापडायच्या त्या थेट रस्त्यावर. आमचे फोरमन म्हणायचे, माणूस घाबरला की गाडी तशीच बाहेर जाते.

आणि हाच माणूस घराचा उंबरठा ओलांडला की पार बदलायचा. नळ कोणी टिपकत ठेवला? कपाचा कान कोणी तोडला? माझ्या पेनाला कोणी हात लावला? "कोणी" या शब्दावर असा काही जोर असायचा, की वर माझ्या हातातली पोळी थांबायची. मग खालून त्यांच्या थोरल्या मुलीचा आवाज यायचा, "मी नाही." चौथीतली पोर, पण प्रश्न पुरता व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. बायको म्हणायची, "यांना डेपोतच ठेवून घ्या आणि तिथला फोरमन आमच्याकडे पाठवा."

मी एकदा सरळ विचारलं. माझा स्वभावच तसा, तोंडावर ताबा नाही. तर म्हणाले, "तिथे येतात ती घडलेली माणसं. घरी मुलं घडवायची असतात, ढील दिली की डोक्यावर बसतात." मी म्हटलं, "मग तुमची थोरली डोक्यावर सोडा, समोरसुद्धा का बसत नाही?" त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या दिवशी आम्ही दोघं एकदमच कामावरून आलो. त्यांची बायको कपड्यांच्या कारखान्यात दुपारपाळीला गेली होती. ती गेल्यापासून फोरमन येईपर्यंत थोडा वेळ थोरली धाकटीला सांभाळायची. धाकटीला सगळे पिटुकली म्हणतात. मी जिना चढत होते, तेवढ्यात खालून फोरमनची हाक आली. माझ्या नावाने त्या घरातून हाक कधी येत नाही, म्हणून मी धावतच उतरले.

पिटुकली खोलीच्या मधोमध उभी होती आणि हसत होती. एक पाऊल टाकलं की तोल जायचा, पुन्हा हसायची. दारू प्यायलेलं माणूस चालावं तसं ते चार वर्षांचं पोर चालत होतं. मग ती भडभडून ओकली आणि फोरमनच्या हातावर मान टाकून पडली. थोरली भिंतीला चिकटून उभी.

"काय दिलंस हिला?" फोरमन ओरडले. "कोणी दिलं?"

"मी नाही," थोरली म्हणाली.

"तू नाही तर कोण? घरात दुसरं कोण आहे?"

"मी नाही. मी नाही दिलं."

मी पिटुकलीला उचललं आणि म्हटलं, आधी गाडी काढा. त्यांची जुनी गाडी वाटेत नेहमी तापायची, पण दुसरं होतं काय? पिटुकली माझ्या मांडीवर आणि थोरली माझ्या शेजारी. पुढून फोरमन दर वळणावर तेच विचारत होते आणि शेजारून तेच उत्तर येत होतं. शेवटी शेवटी तर नुसते ओठ हलत होते. पिटुकलीला मी हाका मारत होते, ती डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, रक्त काढून घेतलं आणि बाहेर आल्या. "पोटात काहीतरी गेलंय हे नक्की. काय गेलंय ते कळलं, तर लगेच नेमका उतारा देता येईल. रक्त तपासून कळायला वेळ लागतो आणि एवढ्या लहान मुलाला तेवढा वेळ नसतो. गोळ्या? फिनेल? उंदराचं औषध? घरी काय होतं?"

फोरमन म्हणाले, घरात औषधं कपाटात कुलपात असतात. ते खरं होतं. कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "बाळा, तू होतीस ना तिच्याबरोबर?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. फोरमन दोन ढांगांत तिच्यापर्यंत पोहोचले आणि तिचा दंड धरला. "बोल! बहीण मरायला टेकलीय तुझी! कोणी दिलं, बोल!"

पोरीने डोळे गच्च मिटून घेतले. आता ही मेली तरी बोलणार नाही, हे मला दिसत होतं आणि आत धाकटी खरोखरच मरत होती. माझं डोकं फिरलं. "फोरमन!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "फडकं बांधलेल्या गाडीपाशी असं बोलता का तुम्ही? तिथल्या पन्नाशीच्या बाप्यांना नाव विचारत नाही आणि हिला विचारताय?"

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस मला हाकलून देणार. पण त्यांचा हात हळूहळू सुटला. ते खाली बसले, अगदी फरशीवर. आणि मग जो आवाज निघाला तो वर्कशॉपमधला होता. थोरलीने तो घरी कधी ऐकला नव्हता.

"हे बघ, कोणी केलं ते मला नको. नाव नकोच. पिटुकलीच्या पोटात काय गेलं, तेवढंच सांग."

थोरलीने एक डोळा उघडला. "नाव नको?"

"नको."

"नंतर पण नको? घरी गेल्यावर?"

डॉक्टरीणबाईंची चुळबुळ चालली होती. फोरमननी मात्र घाई केली नाही. ते कसं जमवलं त्यांनी, देव जाणे.

"घरी गेल्यावर पण नको. कधीच नको."

"आम्ही दुकान-दुकान खेळत होतो," थोरली म्हणाली. "ती गिऱ्हाईक होती. तिने सरबत मागितलं. हिरवं सरबत."

"कुठलं?"

"मोरीतल्या फळीखाली बाटली आहे ना, ती. गोड लागतं म्हणाली. अजून मागितलं तिने. कपभर प्यायली."

फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला. मला काही कळलं नाही, मी म्हटलं, "कसली बाटली?" त्यांनी उत्तर डॉक्टरीणबाईंना दिलं. उठून उभे राहिले आणि कामाचा निरोप द्यावा तसं एकेक सांगितलं. "कूलंट. इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरमध्ये घालतात ते. माझ्या गाडीसाठी आणलं होतं. डबा फुटका होता म्हणून सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. मी ओतलं. वर काही लिहिलं नाही."

डॉक्टरीणबाई पळतच आत गेल्या. "उतारा आहे यावर," एवढंच जाताना म्हणाल्या.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला धड आठवत नाही. फोरमन उभेच होते. थोरली पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभी राहिली होती. शब्द दिलेला असला तरी पोरीचा काही भरवसा बसला नव्हता. मी तिला पाणी दिलं. तिने आधी पेला नाकाशी धरून वास घेतला आणि मला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई दार ढकलून आल्या. औषध वेळेत पोटात गेलं होतं. मूत्रपिंडांवर एक-दोन दिवस लक्ष ठेवावं लागणार होतं, पण पोर वाचली होती. आणखी उशीर झाला असता तर, असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या आणि थोरलीकडे बघून थांबल्या.

तेवढ्यात निरोप मिळून मुलींची आई आली. कारखान्यातला एप्रनसुद्धा तिने काढला नव्हता. पिटुकली कूलंट प्यायली होती, पण वाचली, हे मी तिला दारातच सांगितलं. तिने भिंतीला टेकून एक श्वास घेतला. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते त्या घरात सगळ्यात आधी निघायचं तेच. "कोणी दिलं तिला ते?"

थोरली आक्रसली. फोरमन पुढे झाले.

"मी," ते म्हणाले. "विष सरबताच्या बाटलीत भरून मी घरात ठेवलं. वर्कशॉपमध्ये असं कोणी केलं असतं तर त्याला मी कामावर ठेवलं नसतं."

बायको एक पाऊल पुढे आली. इतक्या वर्षांचं सगळं तिच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. आज ती बोलणार होती आणि बोलली असती तर मी तिला अडवलंही नसतं. पण थोरली भिंत सोडून चालत आली आणि त्या दोघांच्या मधे, बापाकडे पाठ करून उभी राहिली.

"आई, ओरडू नको ना त्यांना," ती म्हणाली. "सांगितलंय ना त्यांनी."

फोरमन मटकन बाकावर बसले आणि दवाखानाभर माणसांसमोर हुंदके देऊन रडायला लागले.