पोराचा समुद्र आणि गावची पूर्णा

नोकरी समुद्राची आणि गाव जळगाव जामोदकडचं, पूर्णेच्या काठी. असं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रजेवर घरी आलं की बसमधून उतरायच्या आतच एखादा भेटतो!

राज्य नवं होतं, आणि नोकरीत मीही. कोकणात मासळीच्या खात्यात लागलो. मायनं विचारलं, "काम काय करा लागते रे तुले?"

"मासे वाचवायचे."

माय घाबरलीच. "काऊन? बुडून राह्यले का ते?"

*

मुलगी पाहायला शेगावला गेलो, तेव्हा सोबत मित्र सुदाम. मुलीच्या मामांनी बसताबसताच विचारलं, "जमीन किती?"

आमच्याकडे जमीन नव्हतीच. मी सतरंजी न्याहाळू लागलो. सुदाम मात्र ताठ बसून म्हणाला, "जमीन नाही मामा, पण पानी लय हाय. पार अरबस्तानापर्यंत!"

मामांचा चेहरा उतरला. आतून बांगड्या वाजल्या आणि आवाज आला, "मामा, मले पान्यातच द्या!"

ती कमल.

*

मलकापूरला गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या कापसाच्या दलालानं समुद्र राखायचं माझं काम नीट ऐकून घेतलं, बराच विचार केला आणि हळूच विचारलं, "पण साहेब, कुलूप कोन्या बाजूनं लावता?"

*

पुढे साहेब झालो. ऐन विणीच्या दिवसांत होड्या बंद ठेवा, एवढंच माझं मागणं. बंदरावरच्या सभेत होडीवाले असे भडकले की मी लिहून आणलेलं भाषण विसरलो आणि तोंडातून घरची भाषा निघाली, "पोटुशी मासोळी काऊन मारता बे?"

मागून कुणीतरी विचारलं, "बे म्हणजे काय?"

पहिल्या रांगेतला म्हातारा तांडेल, होडीवाल्यांचा म्होरक्या, उठला. "बे एके बे! साहेब दोनच महिने मागतायत. देऊन टाका!"

आणि दिले हो!

*

आता बाबांचं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, माझ्या कामाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, त्यांना ते पटलेलंच नाही.

एका दिवाळीत कमल आणि मी बसमधून उतरलो, तर गाव नदीवर लोटलेलं. विहीर खोदायला आणलेला सुरुंग डोहात टाकायचा, म्हणजे मासेच मासे, असा काही जणांचा बेत. आणि डोहाच्या मधोमध बाबा! गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर टोपी.

मी पिशव्या तिथंच टाकून काठाकडे धावलो.

काठावरून सरपंच हात जोडत होते. "निघा ना हो बाहेर! वात पेटवाची हाय!"

"पेटवा."

"अहो, पोराचा तुमच्या तो समुद्र. ही नदी गावाची. त्याचा इथं काय संबंध?"

बाबांनी टोपी नीट केली.

"हे पानी जाते कुठी? त्याच्याच हापिसात ना!"