अक्काच्या नावाचं कार्ड

बहात्तरचा दुष्काळ ओसरल्याला दोनेक वर्षं झाली असतील. दिवाळी सरली होती, सकाळी अंगावर चादर ओढून बसण्याइतका गारवा पडला होता, आणि सोलापूर महापालिकेची एक्स-रेची गाडी आमच्या वॉर्डात येणार असं जाहीर झालं. थंडी पडली की आमच्या भागात घरोघरी खोकला सुरू व्हायचा. त्यातला कापडाच्या मागावरल्या रुईचा कुठला आणि टीबीचा कुठला, हे कुणी विचारत नसे.

गाडीच्या कामासाठी वॉर्डातल्या प्रतिष्ठितांची समिती झाली. प्रतिष्ठित म्हणजे दोन कारखानदार, एक किराणा दुकानदार आणि आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. काम करायला मात्र मी. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, वय बावीस, आणि सगळ्या गल्लीला शहाणं करायचा मक्ता आपल्याकडेच आहे अशा थाटात वागत होते. घरोघरी जाऊन मोठ्या माणसांची नावं वहीत लिहायची आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी द्यायची, एवढं काम.

पण बायका दाराच्या आत घेईनात. एक जण म्हणाली, "बघितलं की सापडतंय बाई. न्हाय बघितलं तर न्हाय सापडत. कशाला बघायचं?" तिच्याशी वाद घालून माझा घसा बसला. मग मला एक युक्ती सुचली. मी सांगू लागले, तपासणी झाली की कार्ड मिळतं, त्यावर सरकारी शिक्का असतो. मुलीचं लग्न ठरवताना ते कार्ड पुढं केलं की कुणी बोट दाखवणार नाही. ही मात्रा अशी लागू पडली की चिठ्ठ्या कमी पडल्या. समितीनं सभा घेऊन खण-नारळ देऊन माझा सत्कार केला. मी तो नारळ मिरवत घरी आणला.

घरी अक्का होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती दिवसभर रहाटावर बसून मागाच्या कांड्या भरायची, म्हणजे सूत गुंडाळायची. गणपतीपासून ती खोकत होती. संध्याकाळी अंग कढत लागायचं, पण विचारलं की म्हणायची, चुलीपाशी होते म्हणून. तिची दोन स्थळं मोडली होती. तिसरं टेंभुर्णीचं, मुलाचं स्टँडजवळ सायकलचं दुकान. तुळशीचं लग्न झालं की तिचं लावायचं, असं ठरलंही होतं.

आणि टेंभुर्णीहून निरोप आला. "सोलापुरात पोरींना छातीचं कार्ड मिळतंय म्हनं. आमाला बी दाखवा." मुलाची आत्या आमच्याच वॉर्डात राहायची. तिच्या दारात उभं राहून कार्डाचं ते पुराण मीच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी आमचे वडील, अण्णा, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई पिठाच्या परातीतून हात काढेना. शेवटी अक्काच म्हणाली, "तू हुबी ऱ्हा की माज्या जागी. चिठ्ठीवर कुटं फोटू असतोय?"

मी चिडले. तिला म्हटलं, "अगं, गोळ्या फुकट मिळतात. सुया देतात. दीड-दोन वर्षांत माणूस ठणठणीत होतं."

"दीड वर्स कोन थांबतंय मला, मास्तरीनबाई?" ती हसत म्हणाली. माझी अशी थट्टा तीच करायची. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की लग्न झालं की तिकडं गुपचूप दवाखान्यात दाखवीन. मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

गाडी शाळेच्या मैदानात लागली. गणपती मंडळाचं कापड बांधून सावली केली होती, आणि समितीचे अध्यक्ष कर्ण्यावरून शिस्तीत उभे राहा म्हणून ओरडत होते. माझी पाळी आली तेव्हा मी अक्काचं नाव सांगितलं. आतल्या माणसानं विचारलं, खोकला? मी नाही म्हटलं. श्वास रोखा, तो म्हणाला. छातीला टेकवलेली पाटी बर्फासारखी गार होती. बाहेर आले तर रांगेत आमच्या गल्लीतली एक जण नणंदेच्या नावाची चिठ्ठी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि दोघींनी मान खाली घातली.

आठवड्यानं कार्ड आलं. अक्काचं नाव, शिक्का, आणि खाली लिहिलेलं, छातीत दोष आढळला नाही. माझ्या स्वतःच्या नावापुढं वहीत मी माझ्याच हातानं 'गैरहजर' लिहिलं.

लग्न झालं. सासरच्यांनी ते कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात अक्का अंथरुणाला लागली. ते लोक वाईट नव्हते, त्यांनी डॉक्टरला दाखवलं, आणि दर वेळी आधी ते कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. छाती स्वच्छ आहे म्हटल्यावर त्यानं अशक्तपणा धरला आणि ताकदीची बाटली लिहून दिली.

मी एस.टी.नं भेटायला गेले. अक्काच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी म्हटलं, मी आत्ता उठून सांगते सगळं. तिनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे.

"सांगशील तर हाकलून देतील मला. अण्णाच्या दारात परत बसू? मरू दे, पन हितं मरू दे."

मी सांगितलं नाही. तिच्या सासूनं केलेला चहा प्यायले आणि परतीची गाडी धरली. मला भीती तिच्या संसाराची होती तेवढीच माझ्या नोकरीचीही होती, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. थंडी सरायच्या आत अक्का गेली.

त्यानंतरच्या दिवाळीला गाडी पुन्हा येणार म्हणून समितीनं पुन्हा माझ्या हातात वही दिली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. एका घरात पंचविशीची मुलगी रहाटावर बसून खोकत होती. तिची आई मला म्हणाली, "हिच्या नावाची चिठ्ठी द्या बाई. धाकटी येईल घिऊन."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. कार्ड, शिक्का, ताकदीची बाटली, बांगड्या, सगळं. त्या माउलीनं मला पाणी आणून दिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. रहाट थांबला होता; मुलगीही ऐकत होती.

मग आईनं हळूच विचारलं, "पन बाई, लगीन तर झालं की न्हाय तिचं?"

मी म्हटलं, "झालं."

रहाट पुन्हा सुरू झाला. त्या बाईनं हात पुढं केला, आणि मी चिठ्ठीवर थोरलीचं नाव लिहून तिच्या हातात दिली.