फुलंब्रीचा श्रोता

सरकारी रेडिओवर मी निवेदिका आहे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका, खात्री करूनच संदेश पुढे पाठवा,’ हे मी दिवसातून तीनदा इतक्या गोड आवाजात सांगते, की ऐकणाऱ्याला अफवांचीच दया यावी. घरात मात्र त्या आवाजाला भेंडीइतकीही किंमत नव्हती.

भेंडी म्हणायचं कारण आमचे बाबा. गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानात त्यांचा जन्म गेला. दोनदा मोजल्याशिवाय कधी कापडाला कात्री लावली नाही. पण ‘शुगरच्या गोळ्यांनी किडन्या जातात, भेंडीचं पाणी प्या’ हा मेसेज त्यांनी एकदाच वाचला आणि गोळ्या बंद केल्या. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती जखम महिना झाला तरी भरेना. मी भांडले, रडले, रिपोर्ट समोर ठेवले.

“तुला काय कळतंय? तू डॉक्टर हाईस व्हय?”

“आणि मेसेज पाठवणारा आहे?”

“खाली लिवलंय ना, डॉक्टर म्हणून!”

राग तर यायचाच, पण तो काळवंडत चाललेला अंगठा पाहिला की मी भांडण सोडून मलमपट्टी करायला बसायचे.

रेडिओवर मात्र त्यांची श्रद्धा. बातम्यांवर घड्याळ लावणार, दर बुधवारी आमचा आरोग्याचा कार्यक्रम आवाज मोठा करून ऐकणार. त्यात मी श्रोत्यांची पत्रं वाचते आणि डॉक्टर उत्तरं देतात. एका बुधवारी मी एक पत्र घरूनच लिहून नेलं. ‘फुलंब्रीहून एक श्रोते विचारतात...’ पुढे गोळ्या, भेंडी, अंगठा, सगळं जसंच्या तसं. अफवांविरुद्ध रोज घसा कोरडा करणारी मी, माइकवर धडधडीत खोटं वाचत होते आणि आवाज जराही हलला नाही. डॉक्टर मात्र खरे होते. ते कडाडले, “त्यांना म्हणावं, आजच दवाखाना गाठा. नाहीतर पाय जाईल!”

घरी पोचले तर बाबा चप्पल घालून दारात उभे.

“रेडिओवर सांगितलंय, गोळ्या सोडायच्या नाय. तुला नुसतं भांडता येतं.”

जणू रेडिओवरची बाई कुणी वेगळीच! मी रिक्षा थांबवली.

गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू जखम सुकली, भेंडी परत भाजीत गेली. पण फुलंब्रीवाला काही बाबांच्या डोक्यातून जाईना. दर बुधवारी, मी घरात पाऊल टाकलं की विचारायचे, “त्याचं पुन्हा पत्र आलं का गं?”

एक खोटं पचलं होतं, दुसरं जड गेलं नाही. एकदा म्हटलं, “आलं ना. बरे आहेत आता. गोळ्या घेतात.”

“लई बरं झालं,” म्हणत बाबांनी आपली गोळी पाण्याबरोबर गिळली. मग पेला खाली ठेवत म्हणाले, “एकटाच असंल बिचारा. घरात कुणी सांगणारं नसंल त्याला.”