आधी तू पी

लासियेमच्या हातचा जामू, म्हणजे झाडपाल्याचा काढा, कडू होता, आणि कडू म्हणूनच आमच्या सोलो शहरातल्या गल्लीत लोक तो पीत. किराईत, गुळवेल, आणखी कसकसल्या झाडांच्या साली. सगळं प्रमाण आईकडून आलेलं. पाठीवर शालीने बांधलेली टोपली, टोपलीत बाटल्या, आणि सकाळचा पहिला मुक्काम मशिदीजवळच्या सायकलरिक्षांच्या तळावर. कडू ग्लास संपला की तोंड गोड करायला तांदूळ आणि कचोरा नावाच्या कंदाच्या गोड जामूचा एक घोट फुकट. एवढंच तिचं दुकान.

मग एक तरुण जोडपं मोटारसायकलवर बर्फाची पेटी लावून यायला लागलं. दूध घातलेला जामू, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर नळी खुपसून. गिऱ्हाईक तिकडे पळालं. लासियेम हातावर हात धरून बसणाऱ्यातली नव्हती. तिने हळदीची जेली केली. ती पोरांच्या दातांना चिकटून बसली. बाटल्यांना रंगीत टोप्या विणल्या. लोकांनी टोप्यांचं कौतुक केलं आणि दूधवाल्यांकडे गेले. म्हातारे सादिकुन तेवढे टिकून राहिले. त्यांना सगळी गल्ली म्बाह म्हणते, म्हणजे आजोबा. रिक्षा ओढून ओढून त्यांची कंबर कामातून गेली होती.

“न्दुक,” ते तिला म्हणाले. लेकीबाळींना आमच्याकडे अशी हाक मारतात. “तुझ्या आईच्या जामूने माझी कंबर दुपारपर्यंत तरी गप्प बसायची. तुझा नुसताच कडू लागतो गं.”

ते तिच्या वर्मी लागलं. औषधाच्या दुकानातून तिने दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या आणि हळदीबरोबर वाटून बाटलीत घातल्या.

थोड्याच दिवसांत तळावर रांग लागली.

“लासियेमच्या हाताला आईची चव आली रे!”

“चव जाऊ दे, माझ्या पायांत बैल शिरलाय!”

माझेही गुडघे दुखायचे थांबले. मी सरळ विचारलं, “काय नवीन घातलंस गं?”

“काही नाही, बू,” ती म्हणाली, थोरल्या बाईला आमच्याकडे म्हणतात तसं, आणि बाटलीचं बूच शोधायला लागली. बूच तिच्या हातातच होतं.

एका सकाळी म्बाहांनी ग्लास रिकामा केला, तिचा हात धरला आणि वाकून कपाळाला लावला. धाकट्याने मोठ्याचा हात असा कपाळाला लावायचा असतो. इथे सत्तरीचा म्हातारा जामूवालीपुढे वाकला. तळ खदखदून हसला. “म्बाह, आता तिलाच आजी म्हणा!” लासियेमने भाजल्यासारखा हात ओढून घेतला. घरी जाऊन तो राखेने घासला, असं तिने मला नंतर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी गोळ्या वाटल्याच. रांग उभी होती ना!

मग म्बाह तळावर दिसेनासे झाले. पोटात रक्तस्राव झाला होता. मी लासियेमला घेऊन त्यांना बघायला इस्पितळात गेले, तर डॉक्टरीण खाटेशी उभी.

“आजोबा, दुखण्यावरच्या गोळ्या कधीपासून घेताय?”

“गोळी? जन्मात नाही. फक्त हिचा जामू.”

“मग त्या जामूतच काहीतरी असेल.”

म्हातारा उठून बसायला लागला. “हिच्या आईला ओळखतो मी! असलं बोलायचं काम नाही!”

“पहाटे उठून वाटते हो पोरगी,” त्यांच्या बायकोनेही साक्ष दिली.

“गोळी कुठली ते कळलं तर उपचार नीट करता येतील,” डॉक्टरीण म्हणाली. “नाहीतर सगळं अंदाजाने.”

मी लासियेमकडे पाहिलं. ती खाटेची दांडी धरून जमिनीकडे बघत होती. तेव्हा मला कळलं. “बोल,” मी म्हटलं. “रडायचं ते मागाहून.”

ती पुटपुटली.

“ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने,” डॉक्टरीण म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने गोळीचं नाव सांगितलं ते साऱ्या खोलीला ऐकू गेलं. म्बाहांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढे तळावरही तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बाटल्या फुटणार. कसलं काय!

“म्हणजे गुण गोळीचा होता होय? मग तिचं नाव सांग की! कडू कशाला प्यायचं उगाच?”

आणि हसले मेले.

“शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, बू,” ती माझ्या ओट्यावर बसून म्हणाली. “आईचा जामू कुणी मागितलासुद्धा नाही.”

म्बाह बरे होऊन आले. रिक्षात पाय पसरून बसले. न्दुक म्हणाले नाहीत. लासियेमने कडू ग्लास पुढे केला.

“आधी तू पी.”

सगळ्यांदेखत ती प्यायली. मग ते प्यायले. गोड घोटासाठी तिने दुसरी बाटली उचलली.

“तोही. आधी तू.”

तेव्हापासून रोज हेच. बघून बघून मला राहवेना. एकदा मी म्हटलं, “म्बाह, पुरे करा आता. तिला किती लाज वाटते, दिसत नाही का?”

“दिसतं की. म्हणून तर पितो.”

लासियेम ग्लास विसळत होती. मान वर न करता तिने टोपली पाठीला बांधली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या दाराकडे गेली.