धुवायचे राहिलेले पाय

माझ्या मुलीनं कॅरेबियन समुद्रातल्या एका बेटावर तिथल्याच होडीवाल्याशी लग्न केलं आणि मग फोनवर कळवलं. नव्वदच्या दशकात मी महाद्वार रोडला फूटपाथवर चपला विकायला मांडून बसलो होतो, भांडून भांडून दुकान उभं केलं. तिच्या लग्नाचं सगळं मनात ठरलेलं होतं. बायको पाणी ओतणार, मी जावयाचे पाय धुणार. ते राहिलं, आणि ते मला काही गिळता येईना. तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं मी तिला सांगून टाकलं.

गुडघ्यांमुळं बायकोला प्रवास झेपणारा नव्हता. पण तीच म्हणाली, "जावा, भांडायला तरी जावा."

विमान मोठ्या बेटापर्यंतच जायचं. पुढं जावयाची शिडाची बोट. धक्क्यावर न्यायला आलेल्या मुलीशी मी आधी सौदा केला, बोटीनं येतो, पण मुक्काम हॉटेलात.

"आबा, आमच्या बेटावर हॉटेल न्हाय."

"मग बोटीतच झोपतो."

"झोपा की."

चढताना जावयानं माझ्या पायांकडं बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, "चपला काढा. बोटीवर कुणीबी घालत न्हाय."

"का? देऊळ हाय व्हय ही?"

"त्याला तसंच हाय."

माझं डोकं तापलं. करकर वाजणारा खास कापशी चपलांचा जोड होता तो. मी तोंड उघडणार, तोवर जावई खाली बसला आणि माझ्या चपला उतरवून मगानं पायांवर पाणी ओतून बोटांमधली वाळू काढायला लागला.

"सगळ्यांचंच धुतोय त्यो," मुलगी म्हणाली. "वाळू आत येऊ नये म्हणून."

बोटीवर गोडं पाणी किती जपून वापरतात, ते मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसता दुसरा पाय पुढं केला. माझ्या लग्नानंतर माझे पाय कुणी धुतले नव्हते.

वारा चांगला होता. बायकोनं दिलेलं भडंग जावयानं डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं आणि पुन्हा हात पुढं केला. उन्हं कलताना बेट दिसलं, गगनबावड्यासारखं हिरवं, माथ्यावर ढग.

"त्यो लाल पत्रा दिसतोय न्हवं, त्ये आपलं घर," मुलगी म्हणाली. आपलं म्हणाली ती.

बोट नांगरून आम्ही छोट्या होडीतून निघालो. शेवटी गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं. जावयाच्या डोक्यावर माझी बॅग होती आणि गळ्यात दोरीला बांधलेल्या माझ्या चपला.

घराच्या पायरीजवळ पाण्याची बादली आणि मग ठेवलेला होता. तो पुन्हा माझ्या पायांशी वाकला, तसा मी पाण्याचा मग त्याच्या हातातून काढून घेतला. "बसा," मराठीतच म्हणालो. तो गोंधळून पायरीवर बसला.

तो मग मी मुलीकडं दिला. "तुझी आई न्हाय हितं. तू पाणी वत."

तिला कळलं. ती पाणी ओतत राहिली. त्याच्या टाचा दगडासारख्या होत्या, त्यांवर डांबराचे डाग. मी सावकाश धुतल्या आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसल्या.

"मग आबा, झोपायला बोटीत न्हवं?" तिचा आवाज ओला होता.

"पाय धुऊन झालं," मी म्हणालो. "आता आत घेतोय का, इचार त्याला."