अनसूयेचा तळहात

माझी मैत्रीण अनसूया गेल्याचा निरोप शाळेत आला, तेव्हा मी तिसरीच्या मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. रडू नंतर आलं. आधी, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं... जिवाला घोर लावून घेऊन गेली नाही बाई, एवढंच मनात आलं.

इंदापूरच्या आठवडे बाजारात ती स्टोव्ह मांडून बायकांना पदार्थ करून दाखवायची. मागे उभ्या असलेल्यांना पातेल्यातलं दिसावं म्हणून बारामतीच्या न्हाव्याचा मोठा आरसा मागून न्यायची आणि डोक्यावर तिरका टांगायची. एसटीत आरशाला बसायला जागा, आम्ही दोघी उभ्या. पुढे तिने पुस्तक लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लोणच्याच्या पानावर आपल्या तळहाताचं खऱ्या मापाचं चित्र काढलं. त्यावर मावेल तेवढं मीठ, हे एक माप. छापखान्याने पानात बसेना म्हणून ते चित्र निम्मं करून टाकलं. आम्हाला कळलं तोवर पुस्तकं खपली होती आणि घरोघरी लोणची घालून झाली होती.

मीठ कमी म्हणजे लोणचं नासणार. श्रावणात तिने अंथरूण धरलं आणि तोंडी एकच, बायकांची वर्षाची बेगमी आपण घालवली. शेवटी म्हणाली, "इंदापूरला जाऊन ये. काय असंल ते खरं सांग, गोड करून सांगू नगं."

खरं सांगते, जाताना मी वाटभर थापच जुळवत होते. भाजीवाल्या पारूबाईने पुस्तक घेतलेलं मला ठाऊक होतं. ती मळ्यात वांगी तोडत होती. माझं सगळं ऐकून म्हणाली,

"पुस्तकावर कोन मीठ ठिवंल, बाई? कागद भिजंल की. आन् त्यांचा हात आमी आरशात बघितलाय."

तिने घरी नेऊन आपली बरणी उघडून दाखवली, शेजारच्या चार घरच्याही दाखवल्या. एकीलाही बुरशी नव्हती. येताना लोणच्याची एक बरणी माझ्या पिशवीत घातली.

अनसूयेने बोटाने चाखलं, डोळे मिटले... मग म्हणाली, "पारूनं मीठ जास्त घातलंय. तिचा हात माझ्यापरीस मोठा हाय." आणि खोकला येईपर्यंत हसली. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

उरलेली बरणी आता माझ्या फडताळात आहे. लोणचं खारटच आहे. पण घरात तसं कुणी म्हटलेलं मला चालत नाही.